बिननंबरी बंदूक, बिनसहीचा नकार

अमेरिकेत गुन्ह्याच्या जागी पिस्तूल सापडलं की पोलीस आधी त्यावरचा नंबर वाचतात. तो नंबर वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या केंद्रीय ट्रेसिंग सेंटरला कळवला जातो. तिथून कारखान्याला विचारणा होते, की हा नग कुणाला विकला? कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, घाऊक व्यापारी दुकानदाराचं, आणि दुकानदार कपाटातला ४४७३ नंबरचा फॉर्म काढून पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव देतो. कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि मालकाचं नाव आलं, असं तिथे होत नाही. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने सरकारला मनाई केलेली आहे. धंदा गुंडाळलेल्या दुकानांची दप्तरं मार्टिन्सबर्गला येतात आणि स्कॅन होतात, पण शब्द टाकून शोधता येऊ नये अशा नुसत्या चित्रांच्या रूपात. कर्मचारी एकेक पान उलटत बसतात. इतकी किचकट पद्धत असूनही ती चालते, कारण धाग्याचं एक टोक हातात असतं. नंबरच नसला तर ते टोकही नाही.

आता दुसरा कागद बघा. आरोग्य विमा कंपनीचं नकारपत्र. ‘आपल्या डॉक्टरांनी सुचवलेले उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं आढळत नाही.’ खाली कित्येकदा माणसाचं नाव नसतं, एका विभागाचं नाव असतं. रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरचं म्हणणं ज्याने खोडून काढलं तो कोण, त्याचं शिक्षण कशात, त्याने फाइल उघडली तरी होती का, यातलं काहीच पत्रावरून कळत नाही. इथेही धाग्याला टोक नाही.

४ डिसेंबर २०२४ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या हिल्टन हॉटेलाबाहेर हे दोन विषय एकमेकांवर आदळले. युनायटेडहेल्थकेअर या अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या आरोग्य विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन गुंतवणूकदारांच्या सभेला चालत निघाले होते. त्यांना पाठीमागून गोळ्या घातल्या गेल्या. काडतुसांवर क्लेम लांबवण्याचे आणि नाकारण्याचे शब्द लिहिलेले सापडले. पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावात एका तरुणाला पकडलं, आणि त्याच्याकडचं पिस्तूल थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं दिसतं, असं पोलिसांनी सांगितलं. आरोपीने गुन्हा नाकबूल केला आहे. त्याचं नाव या लेखात मी घेणार नाही. ते नाव टी-शर्टांवर छापून विकलं गेलं, तेवढं पुरे झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या दोन्ही ठिकाणी एकच दोष आहे आणि तो कायद्याने दुरुस्त करता येण्यासारखा आहे. ज्या गोष्टीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, तिच्यावर कुणाची तरी खूण असली पाहिजे. बंदुकीवर नंबर हवा, नकारावर सही हवी. आणि एका ठिकाणची खूण नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणची पुसायला कुणालाही मुभा नाही.

खुनानंतर काही दिवसांतच एमर्सन कॉलेजने मतचाचणी घेतली. एकूण ६८ टक्के लोकांनी हे कृत्य अस्वीकारार्ह ठरवलं, पण १८ ते २९ वयोगटातल्या ४१ टक्क्यांनी ते स्वीकारार्ह म्हटलं. हा आकडा बघून त्या पिढीला नावं ठेवणं सोपं आहे. मला त्यांच्या युक्तिवादाची जास्त काळजी वाटते, कारण तो वरवर पाहता बिनतोड आहे. तो असा, की वर्षानुवर्षं अर्ज केले, तक्रारी केल्या, काही हललं नाही, आणि गोळी सुटली तशा विमा कंपन्या जाग्या झाल्या. पुरावा म्हणून अँथेम ब्लू क्रॉस ब्लू शील्डचं उदाहरण दिलं जातं. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीचे पैसे ठरावीक मिनिटांपुरतेच देण्याचं धोरण ही कंपनी काही राज्यांत आणणार होती. खुनाच्या दुसऱ्या दिवशी, ५ डिसेंबरला, ते मागे घेतलं गेलं.

तारखा मात्र वेगळं सांगतात. भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्या धोरणाविरुद्ध नोव्हेंबरच्या मध्यालाच जाहीर पत्रक काढलं होतं. राज्य सरकारांकडे तक्रारी गेल्या होत्या, कनेटिकट आणि न्यूयॉर्कमधले लोकप्रतिनिधी आणि अधिकारी कंपनीशी बोलत होते. शस्त्रक्रिया लांबली तर भूल मध्येच थांबवता येत नाही, हे सामान्य माणसालाही कळतं, म्हणून ते धोरण टिकणं अवघडच होतं. खुनाच्या बातमीने लोकांचं लक्ष तिकडे वळवलं, हे खरं आहे. पण लक्ष वळलं तेव्हा टेबलावर तयार कागद होता, तो भूलतज्ज्ञांनी लिहिलेला.

जपानचं उदाहरण याहून अवघड आहे आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंजो आबे यांची हत्या झाली, तीही घरी बनवलेल्या बंदुकीने. मारेकऱ्याचा राग युनिफिकेशन चर्च या पंथावर होता, आणि आबे त्या पंथाच्या जवळचे आहेत असं त्याला वाटत होतं. त्याच्या आईने त्या पंथाला दिलेल्या देणग्यांनी घर धुळीला मिळालं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात जपानच्या संसदेने दबाव टाकून देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा केला, आणि मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्या पंथाची संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. म्हणजे गोळीने काम केलं, असं कुणी म्हणेल.

पण न्यायालयात गोळी पुरावा म्हणून चालत नाही. या पंथाने नाडलेल्या लोकांची प्रकरणं घेऊन जपानी वकिलांचं एक मंडळ १९८७ पासून काम करत होतं. कुणाकडून किती येन घेतले, कोणती भीती घालून घेतले, कोणत्या न्यायालयाने काय निकाल दिला, हे सगळं त्यांच्याकडे पस्तीस वर्षांचं साठलेलं होतं. विसर्जनाचा आदेश उभा राहिला तो अशा नोंदींवर. त्या नसत्या तर संसदेने शोकप्रस्ताव केला असता आणि कामकाज पुढे गेलं असतं. एका माणसाला मारून कुठल्याही संस्थेचा नियम बदलत नाही. थॉम्पसन यांच्या जागी दुसरा प्रमुख आला आणि नकारपत्रं निघतच राहिली. शिवाय ज्या आरोपीला लोकांनी डोक्यावर घेतलं, तो किंवा त्याची आई आमची ग्राहक नव्हती, असं त्या कंपनीनेच सांगितलं होतं. नाकारलेल्या क्लेमच्या फायली ज्यांच्या घरात पडून आहेत त्यांचं गाऱ्हाणं त्याच्या नावाला चिकटलं, आणि आता त्यांनी तोंड उघडलं की आधी ‘तुमचा खुनाला पाठिंबा आहे का’ हा प्रश्न झेलावा लागतो.

बंदुकीच्या कायद्याकडे येऊ. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक कारखानदाराला आणि आयातदाराला प्रत्येक नगावर नंबर घालणं बंधनकारक केलं. स्वतःच्या वापरासाठी घरात एखादी बंदूक करणाऱ्याला मात्र केंद्राचा परवानाही लागत नाही आणि नंबरही. कायदा झाला तेव्हा या सवलतीने फार बिघडण्यासारखं नव्हतं. घरी बंदूक करायची तर लेथ, मिलिंग मशीन आणि ती चालवण्याचं वर्षांचं कौशल्य हवं होतं. अशी माणसं थोडी, आणि त्यातले बहुतेक हौशी कारागीर.

अडचण सुरू झाली ती अर्धवट तयार भागांची विक्री सुरू झाल्यावर. अमेरिकी कायद्यात बंदुकीचा एकच भाग म्हणजे ‘बंदूक’ समजला जातो. पिस्तुलाच्या बाबतीत तो असतो मूळ सांगाडा. नळी, स्प्रिंग, घोडा हे सगळं टपालाने कुणीही मागवू शकतो, सांगाडा मात्र नंबर आणि पार्श्वभूमीची तपासणी यांच्याशिवाय विकता येत नाही. विक्रेत्यांनी पळवाट काढली ती इथेच. सांगाडा थोडासा अपुरा ठेवायचा, म्हणजे तो कायद्याच्या भाषेत ‘वस्तू’ ठरतो, ‘बंदूक’ नाही. पोलिसांनी शोधासाठी पाठवलेल्या अशा बिननंबरी बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या, २०२१ मध्ये त्या १९,००० च्या वर गेल्या. मार्टिन्सबर्गला त्यांचं करायचं काय? तपास पहिल्याच पायरीवर थांबे.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलला आणि त्या ऑगस्टपासून तो लागू झाला. सहज पुरा करता येईल असा सांगाडा किंवा सुट्या भागांचं पूर्ण किट हेही बंदूकच समजावं, विक्रेत्याने परवाना घ्यावा, नंबर घालावा, गिऱ्हाइकाची तपासणी करावी. घरगुती बनावटीचं बिननंबरी हत्यार परवानाधारक दुकानदाराच्या हाती आलं, तर सात दिवसांत त्यावर नंबर घालायचा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी नियम टिकला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गॉर्सच यांनी, जे बंदूकहक्काच्या विरोधातले म्हणून ओळखले जात नाहीत. विरोधात होते थॉमस आणि अलिटो. हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. प्रत्येक किट आणि प्रत्येक तुकडा बंदूक आहे, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. नियम सगळाच्या सगळा रद्द करा, ही मागणी तेवढी फेटाळली. कोणता भाग किती अपुरा असला म्हणजे कायद्याच्या बाहेर, यावर पुढे भांडणं होत राहतील.

आणि ज्या प्रकारच्या हत्याराची न्यूयॉर्कच्या खटल्यात चर्चा आहे, त्याला हा नियम जेमतेमच शिवतो. नियम विक्रीला लागू आहे. कुणी सांगाडा विकत न घेता घरीच प्रिंटरवर काढला, तर विक्रेताच नाही, मग नंबर घालणार कोण? धातुशोधकाला सापडणार नाही अशी बंदूक बाळगायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्याची मुदत २०३१ पर्यंत वाढवलेली आहे. पण हत्यार धातुशोधकाला सापडतं की नाही, एवढंच हा कायदा बघतो. नंबराबद्दल तो काही बोलत नाही.

यावर तीन उपाय पुढे येतात. त्यातले दोन मला चुकीचे वाटतात.

पहिला म्हणजे फायलींवर बंदी. २०१३ मध्ये एका अमेरिकी गटाने छापील पिस्तुलाची फाइल इंटरनेटवर टाकली, परराष्ट्र खात्याने ती काढायला लावली, आणि २०१५ पासून कोर्टात वाद चालू आहे, की फाइल म्हणजे भाषण की वस्तू. न्यू जर्सीने २०१८ मध्ये परवाना नसलेल्यांना अशी फाइल देणं गुन्हा ठरवलं. हेतू चांगला आहे, पण एकदा बाहेर पडलेली फाइल हजार ठिकाणी असते. पोलीस तिच्या मागे लागले तर बंदुकांच्या मागे लागायला माणसं उरत नाहीत. दुसरा उपाय प्रिंटरवर नजर ठेवण्याचा. न्यूयॉर्कच्या विधानसभेत २०२३ मध्ये विधेयक आलं, की बंदूक छापू शकेल असा प्रिंटर घेणाऱ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी. पण हेच प्रिंटर शाळांच्या प्रयोगशाळेत आहेत, दातांच्या कवळ्या करणाऱ्यांकडे आहेत, कृत्रिम हात बनवणाऱ्यांकडे आहेत. लेथ विकत घेणाऱ्याची आपण कधी चौकशी केली नाही, ती योग्य कारणानेच.

तिसरा उपाय कॅलिफोर्नियाचा आहे. २०१६ च्या कायद्यानुसार १ जुलै २०१८ पासून तिथे घरी बंदूक बनवू इच्छिणाऱ्याने आधी राज्याच्या न्याय विभागाकडे अर्ज करायचा, तपासणीतून जायचं, नंबर घ्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत तो हत्यारावर कोरायचा. त्या कायद्याने बनवण्याचा हक्क काढून घेतला नाही, निनावीपणा काढून घेतला. हाच नियम पन्नासही राज्यांना लागू व्हावा, असं माझं मत आहे. ‘अमेरिकेच्या स्थापनेपासून लोक घरी बंदुका करत आले आहेत’ हा बंदूकहक्कवाल्यांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर कोर्टात वजनदार झाला आहे, कारण त्या निकालाने इतिहास आणि परंपरा हीच कसोटी ठरवली. पण नंबरामुळे परंपरा बुडत नाही. बंदुका बनवणारे जुने कारागीर आपल्या नगावर आपली खूण उठवतच असत.

‘गुन्हेगार कशाला नंबर घालतोय?’ असं विचारलं जाईल. नाहीच घालणार. पण आज बिननंबरी पिस्तूल खिशात घेऊन फिरणारा माणूस अनेक राज्यांत तेवढ्यापुरता निर्दोष असतो, पोलिसांना दुसरा गुन्हा घडण्याची वाट पाहावी लागते. नंबर सक्तीचा झाला की बिननंबरी हत्यार जवळ असणं हाच गुन्हा. आपल्याकडे हे तत्त्व जुनं आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम ओळखखुणेविना बंदूक विकायला मनाई करतं आणि ती कुणाकडे सापडली तर खूण त्यानेच खोडली असं गृहीत धरतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तरी सातपुड्याच्या कुशीत, चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून असलेल्या उमर्टीत गावठी कट्ट्यांच्या भट्ट्या पेटत होत्याच. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन त्या उद्ध्वस्त केल्या. कायदा कितीही कडक असला तरी त्याच्या मागे पायपीट करणारे पोलीस लागतात, हे उमर्टी दाखवतं. पण कलमच नसतं तर त्या पोलिसांना भट्टीला हात लावता आला नसता.

बंदुकीबद्दल इतकंच. आता नकारपत्राचा विषय, ज्यावर कमी बोललं जातं आणि जिथे करण्यासारखं खूप जास्त आहे.

ओबामांच्या काळातल्या सुधारणेनंतर जो सरकारी विमाबाजार उभा राहिला, त्यातल्या कंपन्यांनी २०२३ मध्ये आपल्याशी करार असलेल्या (इन-नेटवर्क) डॉक्टर-रुग्णालयांचेसुद्धा १९ टक्के क्लेम नाकारले. त्यावर अपील करणारे ग्राहक होते एक टक्क्याहून कमी. जे लढले त्यांच्यापैकी ४४ टक्के प्रकरणांत कंपनीने स्वतःच आपला निर्णय फिरवला. ज्येष्ठांच्या मेडिकेअर अॅडव्हांटेज योजनांमध्ये तर चित्र आणखी स्पष्ट आहे. २०२३ मध्ये पूर्वपरवानगीचे ३२ लाख अर्ज पूर्ण किंवा अंशतः नाकारले गेले, त्यातल्या जेमतेम ११.७ टक्क्यांवर अपील झालं, आणि अपिलांपैकी ८१.७ टक्के रुग्णाच्या बाजूने गेली.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. अपिलात गेलेल्या दहांतले आठ नकार कागद पुन्हा वाचल्यावर टिकत नसतील, तर पहिल्यांदा वाचलं कुणी होतं? प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये सिग्ना कंपनीच्या एका पद्धतीबद्दल लिहिलं. कॉम्प्युटर निदान आणि तपासणी यांची जोडी जुळत नसलेले क्लेम बाजूला काढायचा आणि कंपनीचे डॉक्टर ते गठ्ठ्याने नाकारायचे. दोन महिन्यांत तीन लाखांवर क्लेम, एकेकाला सरासरी १.२ सेकंद. कंपनीने हे चित्रण अमान्य केलं. सिनेटच्या चौकशी उपसमितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखवलं, की रुग्णालयातून सुटल्यावर लागणाऱ्या शुश्रूषेच्या बाबतीत युनायटेडहेल्थकेअरचं नकाराचं प्रमाण २०२० मध्ये १०.९ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २२.७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे खुनाच्या सुमारे दीड महिना आधी, लोकनियुक्त सभागृहाच्या समितीने, नावानिशी आणि आकड्यांनिशी हे छापलं होतं.

विमा कंपन्यांची बाजूही आहे. अनावश्यक तपासण्या होतात, रुग्णालयांचे दर अमेरिकेत अवाच्या सवा आहेत, आणि कुणीतरी ‘नको’ म्हणायला हवं. हे मी मान्य करतो. ‘नको’ म्हणणाऱ्याने नाव सांगावं, एवढंच माझं मागणं आहे.

अपील इतकं कमी का होतं? आजारी माणूस थकलेला असतो हे एक, आणि वाट माहीत नसते हे दुसरं. अमेरिकेत नोकरीला असलेल्या मराठी घरांत हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून ती वाट नीट सांगतो.

पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडे अपील करता येतं. पण आधी नकाराचा प्रकार ओळखायचा. डॉक्टरांच्या बिलिंग विभागाने निदानाचा कोड चुकवला असेल, तर अपील करून महिने घालवू नका. दुरुस्त क्लेम पुन्हा पाठवायला त्यांना सांगा. नकार ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ असा असेल तर लेखी मागणी करायची, की माझी संपूर्ण क्लेम फाइल द्या, नाकारताना वापरलेली मार्गदर्शक तत्त्वं द्या, आणि सल्ला देणाऱ्या डॉक्टरचं नाव सांगा. हे फुकट मिळवण्याचा हक्क आहे. नाव कळतं, पण मागितल्यावरच.

त्या तत्त्वांत काय असतं ते एका उदाहरणाने बघा. कंबरेच्या एमआरआयसाठी बहुतेक ठिकाणी अट असते, की आधी सहा आठवडे फिजिओथेरपी किंवा औषधं करून पाहिलेली असावीत. डॉक्टर चिठ्ठीत लिहितात ‘तीव्र कंबरदुखी, एमआरआय आवश्यक’. रुग्णाने आठ आठवडे व्यायाम केलेला असतो, पण त्या तारखा फिजिओथेरपिस्टच्या वहीत राहतात. अर्ज नाकारला जातो. अपिलात डॉक्टरांचं नुसतं कळकळीचं पत्र जोडलं तर तो पुन्हा नाकारला जाणार. पत्रात कलमागून कलम घ्यायचं, की अट ही, तारखा या, कागद सोबत. पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं अशी लक्षणं असतील तर सहा आठवड्यांची अट लागूच होत नाही. ती लक्षणं पहिल्या ओळीत लिहायची.

उपचाराआधीच्या अपिलावर ३० दिवसांत, झालेल्या उपचाराच्या अपिलावर ६० दिवसांत आणि तातडीच्या प्रकरणी ७२ तासांत कंपनीने उत्तर द्यायचं असतं. ‘तातडीचं’ हा शब्द डॉक्टरांनी लेखी वापरावा, म्हणजे कंपनीला ते प्रकरण तातडीचंच धरावं लागतं. असं तातडीचं अपील फोनवरही करता येतं. एरवी मात्र फोनवर केलेली तक्रार म्हणजे अपील नव्हे, हे पुष्कळांना मुदत संपल्यावर कळतं. अंतिम नकारानंतर चार महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. फी जास्तीत जास्त २५ डॉलर, निकाल ४५ दिवसांत, आणि तो कंपनीवर बंधनकारक. ही पायरी मुख्यतः वैद्यकीय निर्णयाच्या प्रश्नांसाठी आहे. पॉलिसीत जे स्पष्ट वगळलेलं आहे, त्यासाठी नाही.

नोकरीतून मिळालेल्या विम्याचं एक वेगळं दुखणं आहे. विमा असलेल्या अमेरिकी नोकरदारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक अशा योजनांत आहेत, जिथे पैसा मालकाचा असतो आणि कार्डावर नाव असलेली विमा कंपनी फक्त कारभार बघते. या योजना १९७४ च्या एरिसा कायद्याखाली येतात, राज्याचे विमा कायदे त्यांना लागत नाहीत. नकार चुकीचा होता असं कोर्टात सिद्ध झालं, तरी मिळतात ते मुळात द्यायचे होते तेवढेच पैसे आणि फार तर वकिलाची फी. उपचाराअभावी पाय गेला तर पायाची भरपाई नाही. शिवाय न्यायाधीश सहसा फक्त कंपनीच्या फाइलीत असलेलेच कागद बघतात. अपिलाच्या वेळी जो रिपोर्ट जोडला नाही तो पुढे नाहीच. म्हणून अपील करताना सगळं जोडा, नंतरसाठी काही राखून ठेवू नका.

चुकीच्या नकाराची किंमत शून्य ठेवणारा कायदा असेल, तर नकार वाढणारच. संसदेने एरिसातलं हे कलम बदलावं, चुकीच्या नकाराने झालेलं नुकसान वसूल करता यावं. आणि प्रत्येक वैद्यकीय नकारावर त्याच शाखेच्या डॉक्टरचं नाव, परवाना क्रमांक आणि लावलेलं कलम न मागता छापलं जावं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून सक्ती केली, की आवश्यक-अनावश्यकचा निर्णय नुसत्या सॉफ्टवेअरवर सोडता येणार नाही, परवानाधारक डॉक्टरने किंवा त्या विषयातल्या परवानाधारक आरोग्य व्यावसायिकानेच तो घ्यायचा. आपल्याकडे विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायला लावली, आणि कंपनीच्या आढावा समितीने पाहिल्याशिवाय क्लेम नाकारायचा नाही असं सांगितलं. त्याउपर नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, आणि मग वर्षाच्या आत मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील नको, मर्यादा ५० लाख रुपये.

अमेरिकेत २०२६ पासून मेडिकेअर अॅडव्हांटेजसारख्या सरकारी पैशांवरच्या योजनांना साध्या पूर्वपरवानगीचा निर्णय सात दिवसांत देणं, नकाराचं नेमकं कारण सांगणं आणि नकारांचे व अपिलांचे आकडे वेबसाइटवर टाकणं सक्तीचं झालं आहे. नोकरीतल्या योजना या नियमातून बाहेर आहेत. पण तिथे पैसा मालकाचा आहे, आणि मालकाला हे आकडे मागता येतात. नोव्हेंबरात पुढच्या वर्षाची योजना निवडायचा अर्ज समोर आला, की एचआरला लेखी विचारा. आपली योजना मालकाच्या पैशावर चालते का? गेल्या वर्षी किती परवानग्या नाकारल्या, त्यातल्या किती अपिलात फिरल्या? आणि नाकारणाऱ्या डॉक्टरचं नाव पत्रावर छापायची अट आपण कारभार पाहणाऱ्या कंपनीशी केलेल्या करारात घातली आहे का?